आकडो खय गेलो?

आमच्या सॉ मिलमधली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे बॅण्डसॉ मशीन. त्याखालोखाल मोटर, मग ट्रॉली आणि तिचे रूळ. पण मशीन बंद पडलं म्हणून कुणी आरडाओरडा केल्याचं मला आठवत नाही. मोटर वाइंडिंगला जाते, माणसं शेडच्या खांबांना टेकून बसतात, एखादा घरी जाऊन जेवून येतो. आरडाओरडा होतो तो आकडा जागेवर दिसला नाही तर. "आकडो खय गेलो?" असा पुकारा झाला की फळ्या न्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा उठून शोधायला लागतं. हा आकडा भंगारात घातला तर चहा-भज्यांचे पैसे सुटतील, त्याहून जास्त नाही.

आकडा म्हणजे ओंडका फिरवायचं हत्यार. माणसाच्या छातीपर्यंत येईल असा धामणीचा दांडा, खालच्या टोकापासून वीतभर वर एक बोल्ट आणि त्या बोल्टात सैल लोंबणारा लोखंडी गळ. गळाचं टोक सालीत रुतवायचं आणि दांडा रेटायचा. नुसत्या हातांनी दोघातिघांना दाद न देणारा फणसाचा ओंडका मग एकट्या माणसाच्या जोरावर कूस बदलतो. गळ आमच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्याच्या तुकड्यातून घडवला. ते पोलाद ताण आला की जरासं लवतं आणि पुन्हा मूळ आकारावर येतं. बांधकामाच्या सळईचा गळ केला असता तर पहिल्या जड ओंडक्याला उघडा पडला असता. धामणीचंही तसंच. चिवट लाकूड, लवेल पण चटकन मोडणार नाही, म्हणून तर बैलगाडीच्या दांड्यांना आणि अवजारांच्या मुठींना जुन्या लोकांनी तेच पसंत केलं.

सगळी गंमत गळाच्या वाकात आहे. वाक घट्ट असला तर तो सुरूच्या बारीक सोटाला धरतो आणि आंब्याच्या बुंध्यावरून घसरतो. वाक उघडा असला तर उलटं. आमच्याकडे येतं ते बहुतेक परसातलं आणि बांधावरचं झाड, तीन ते पाच फूट घेराचं, आणि आमच्या गळाचा वाक नेमका त्यालाच बसतो. लोहाराने तो एका फेरीत साधला नव्हता. गरम करायचा, वाकवायचा, गिरणीत आणून ओंडक्यावर लावून बघायचा, परत भट्टीत. लोहार शेवटी वैतागून म्हणाला होता, तुमची गिरण इथंच आणून ठेवा.

गिरण कुडाळ तालुक्यातली, वडिलांच्या वेळची. एकच मशीन, ३६ इंची चाकांचं. घराच्या वाशांना आणि रिपांना लागणारा माल, दाराच्या चौकटी, पूर्वी आंब्याची खोकी, आणि चतुर्थी जवळ आली की गणपतीचे पाट आणि माटवीच्या पट्ट्या. पाटाला शिवण मागणारे जाणकार अजून येतात, कारण शिवणीची फळी हलकी असते आणि वाळताना फारशी पिळवटत नाही. सावंतवाडीकडचे खेळणीवालेही पूर्वी कधीमधी यायचे.

मशीन जुनं का, याला एक कारण आमच्या हातातलं नाही. गोदावर्मन खटल्यातल्या १९९६च्या आदेशापासून देशातल्या सॉ मिलवर सर्वोच्च न्यायालयाची नजर आहे, आणि ऑक्टोबर २००२मध्ये तर केंद्रीय उच्चाधिकार समितीच्या आगाऊ परवानगीशिवाय नवी सॉ मिल उघडायला कुठल्याही राज्याने मुभा देऊ नये असं न्यायालयाने सांगितलं. जंगलाच्या दृष्टीने ते योग्यच झालं, माझी तक्रार नाही. पण त्यामुळे या धंद्यात नवी माणसं, नव्या गिरण्या आणि त्यांच्यामागून येणारी नवी यंत्रं आली ती तुरळक. ज्यांच्याकडे परवाना होता ते आपल्या जुन्या मशीनसकट तिथेच राहिले. अशा मशीनला त्याच्या खोडी असतात. आमची ट्रॉली एका ठिकाणी जराशी डावीकडे ओढते. वरच्या चाकाचा रबर एका अंगाने झिजलेला. ही खोड सांभाळणारं हत्यार कोणती कंपनी बनवणार? ते ज्याने मशीनजवळ उभं राहून आयुष्य काढलं त्यानेच बनवायचं.

आमच्याकडे ते जुन्या मिस्त्रींनी बनवलं. सगळा गाव त्यांना मिस्त्रीच म्हणायचा. शाळा चौथीपर्यंत, आणि डावखुरे. या दोन्ही गोष्टी पुढे कामाला येणार आहेत.

लाकडाचा सौदा घनफुटावर होतो. ओंडका गोल, हिशेब चौकोनी. त्यासाठी जुनी रीत अशी की मधोमध घेर मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. घेर ४८ इंच म्हणजे चौथाई १२ इंच, म्हणजे एक फूट. एकाचा वर्ग एक. ओंडका १० फूट लांब असेल तर १० घनफूट. भूमितीने मोजलं तर त्याच ओंडक्यात पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड भरतं. इंजिनिअरिंगला गेलेला कुणाचा तरी मुलगा दर दोन-तीन वर्षांनी ही 'लबाडी' पकडतो आणि बापाला समजावून सांगतो. लबाडी नाही. चौथाईच्या हिशेबात जो एक पंचमांशाहून थोडा जास्त भाग सुटतो, तो बाजूच्या सालीच्या फळ्यांत आणि भुशात जायचा असतो. गोलातून चौकोन काढताना तो जाणारच, आणि जे हाती येत नाही त्याचे पैसे घेणाऱ्याने का द्यावेत?

चौथाई काढायला भागाकार आला. ४८ला चार सोपे, पण ५३ला? मिस्त्रींनी भागाकार करायचाच नाही असं ठरवलं. यंत्रांच्या खोक्यांवर बांधून येते तसली पातळ लोखंडी पट्टी त्यांनी घेतली आणि तिच्यावर छिन्नीने खुणा केल्या, चार-चार इंचांवर. पहिल्या खुणेजवळ एक ठिपका, दुसरीजवळ दोन, आणि मधली जागा पुन्हा चार भागांत. पट्टी ओंडक्याभोवती गुंडाळली की जिथे टोक येईल तिथे चौथाईच वाचायची. त्याआधी सुती नाडीवर हाच प्रयोग केला होता, पण पावसाळ्यात नाडी ताणली जायची आणि नुकसान व्हायचं ते विकणाऱ्याचं, म्हणून ती त्यांनी स्वतःच चुलीत घातली. इमारती लाकडाच्या जुन्या व्यापारात अशा चौथाईच्या टेपा मिळत, हे मला फार उशिरा कळलं. मिस्त्रींना ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्यांच्या मापाच्या काठ्यांबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे. बांबूच्या चपट्या कांब्या, प्रत्येकीला एका कडेने खाचा. ही एक इंच फळीची, ही दीड इंचाची, ही चौकटीच्या मालाची. खाच फळीच्या नुसत्या जाडीवर नाही. पातं स्वतः साधारण एक सूत लाकूड खातं, म्हणजे इंचाचा आठवा भाग. आठ काप घेतले की एक इंचाची एक फळी भुसा होऊन खाली पडलेली असते. शिवाय ओलं लाकूड वाळताना आकसतं, त्याची सूट वेगळी. आंब्याला किती, ऐनाला किती, हे मिस्त्रींच्या डोक्यात होतं आणि डोक्यातून खाचेत उतरलं होतं. त्यामुळे दर कापाला बेरीज-वजाबाकी नाही. काठी लावायची, पुढची खाच, पुढचा काप. बांबूच का, तर त्याचे धागे लांबीच्या दिशेने असतात आणि पावसाळ्यात तो जाडीला फुगला तरी लांबीला वाढल्याचं जाणवतही नाही. आणि खाचाच का, आकडे का नाहीत, याचं उत्तर गिरणीत पाच मिनिटं उभं राहिलं की मिळतं. मशीनचा आवाज, डोळ्यांत उडणारा भुसा, पत्र्याखालचा अंधार. खाच अंगठ्याच्या नखाला कळते. स्टीलच्या टेपवरचे बारीक आकडे बघायला माणूस मान खाली घालतो आणि पात्याजवळ मान खाली घातलेली मला आवडत नाही.

पाचरींचं काम ऐकायला साधं वाटतं. उभ्या झाडाच्या अंगात ताण असतो; बाहेरचं लाकूड ओढलेलं, गाभा दाबलेला. झाड जोवर अखंड आहे तोवर दोन्ही एकमेकांना धरून राहतात. आपण ते उभं चिरलं की तो तोल सुटतो. फळी कधी बाहेर फाकते, कधी पिळते, आणि कधी चीर मागून मिटत येते. डोंगरउतारावर तिरकं वाढलेलं झाड असेल तर विचारूच नका. चीर मिटली की पात्याला चिमटा बसतो, पातं तापतं, चाकावरून उतरू शकतं. म्हणून पातं हात-दीड हात पुढे गेलं की मागच्या चिरेत पाचर. लोखंडाची चालत नाही, कारण ती निसटून पात्याला लागली तर दात गेले. म्हणून बांबूच्या नाहीतर किंजळीच्या, आणि ठोकायला चिंचेच्या गाठीची मोगरी. पाचरी झिजतात, हरवतात, चुलीत जातात. त्यांच्यात कुणाचा जीव अडकत नाही. दुपारच्या रिकाम्या वेळात नव्या तासतात. मोगरी मात्र मिस्त्री रोज स्वतः उचलून ठेवायचे.

आता सलाईनची बाटली. फणस कापताना पात्याला चीक धरतो, त्यावर भुसा बसतो, थर जमतो, पातं घासायला लागतं. पातं दातांच्या बाजूने तापलं की तीच कड प्रसरण पावून लांब होते, मागची तशीच राहते, मग ताण दोन्हीकडे सारखा राहत नाही आणि काप वेडावाकडा, लाटेसारखा येतो. आकेशियाच्या सुक्या ओंडक्यालाही हाच त्रास. पूर्वी यावर उपाय म्हणजे काठीला गोणपाट बांधून, ते डिझेलात बुडवून एक पोरगा चालत्या पात्याला लावायचा. त्याच्याकडे बघताना माझ्या पोटात गोळा यायचा. एकदा शेजाऱ्यांच्या म्हशीला सलाईन लावायला गुरांचे डॉक्टर आले होते. मिस्त्री तिथे उभे राहून नळीवरचं ते छोटं चाक बराच वेळ बघत राहिले. चाक फिरवलं की थेंब कमी, उलटं फिरवलं की जास्त. रिकामी बाटली त्यांनी मागून घेतली, धुतली, त्यात पाणी आणि चिमूटभर कपड्यांची पावडर घातली आणि मशीनच्या वरच्या अंगाला टांगली. थेंब थेट पात्यावर. फणस असेल तर नळी जास्त सोडायची, आंबा असेल तर कमी. पोरगा तिथून हलला आणि फळ्या रचायच्या कामाला लागला. म्हैसही वाचली, हे सांगायला हवं, कारण आमच्याकडे ही गोष्ट सांगताना कुणीतरी म्हशीचं विचारतंच.

आपण केलेल्या हत्यारावर जीव जडतो, यात नवल नाही. पण म्हणून ते चांगलंच असतं असं मी मानत नाही. वडिलांच्या मागे गिरण माझ्याकडे आली तेव्हा मी पहिल्यांदा दोन घरगुती गोष्टी फेकल्या. एक, स्टार्टर ट्रिप होऊ नये म्हणून बटणात अडकवायची लाकडाची खुंटी. मोटरवर जास्त भार आला की तिने थांबावं म्हणून तर स्टार्टर असतो, आणि ही खुंटी ते थांबणंच बंद करत होती. दुसरी, पट्ट्यावर झाकण म्हणून तारेने बांधलेला तेलाच्या डब्याचा पत्रा. त्या जागी फॅब्रिकेटरकडून जाळीची मजबूत गार्ड करून आणली. मिस्त्री आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलले. खुंटीही त्यांनीच केलेली होती ना. माझा हिशेब तेव्हापासून एकच आहे. जे हत्यार हात आणि पातं यांच्यात अंतर वाढवतं ते घरी केलेलं असो की विकतचं, राहील. जे अंतर कमी करतं ते जाईल, मग ते कितीही हुशारीने केलेलं असो.

या हिशेबात सगळ्यात वर आहे ती ढकलकाठी. फळी चिरत आणली की शेवटचा हातभर तुकडा उरतो. तो हाताने ढकलायचा मोह होतो आणि बोटं जातात ती तिथेच. या धंद्यात बोटं गमावलेली माणसं प्रत्येक तालुक्यात भेटतील. ढकलकाठी म्हणजे फणसाचा एक तुकडा, पुढे टाचेसारखी खाच, मागे मूठ. मिस्त्रींनी मूठ अशी कोरली होती की बोटं आपोआप वरच्या बाजूला राहत, घसरली तरी पात्याकडे जात नसत. इतकं विचारपूर्वक केलेलं काम मी फर्निचरमध्येसुद्धा क्वचित पाहिलं आहे.

मिस्त्री थकले, घरी बसले. नवे मिस्त्री आले, कणकवलीकडचे. कामाला पक्के. त्यांनी पहिल्या दिवशी ढकलकाठी हातात घेतली, उलटसुलट केली आणि खाली ठेवली. "ही माका नको. ही डावऱ्याची आसा." मूठ डाव्या हातासाठी कोरलेली होती. इतकी वर्षं ती समोर लटकत होती, पण आमच्यापैकी कुणाला ते जाणवलं नव्हतं, कारण दुसऱ्या कुणी ती धरायची वेळच आली नव्हती. मापाच्या काठ्यांचंही तेच. खाचा एका टोकाकडून मोजलेल्या, डाव्या हातात धरून उजवीकडे वाचायच्या. नव्या मिस्त्रींनी महिन्याभरात स्वतःचा संच केला. ढकलकाठीला त्यांनी फणसाऐवजी जांभूळ घेतलं, आणि काठ्यांना खाचांबरोबर रंगाचे पट्टेही दिले. आमच्या गिरणीत आकड्यापलीकडे एकच गोष्ट एका मिस्त्रींकडून दुसऱ्यांकडे जशीच्या तशी गेली, ती म्हणजे सलाईनची बाटली. तिला डावं-उजवं नाही.

एक माझा भाचा, पुण्याला असतो. त्याने मामाच्या प्रेमापोटी ऑनलाइन परदेशी आकडा मागवून दिला. दिसायला देखणा, ॲल्युमिनियमचा दांडा, वजनाला हलका. दोन दिवस वापरला. दांडा आमच्या माणसांना उंच पडतो आणि गळ आमच्या घेरांना मोठा. वाईट हत्यार नाही, ते दुसऱ्या झाडांसाठी आणि दुसऱ्या उंचीच्या माणसांसाठी केलेलं आहे, इतकंच. त्याच भाच्याने पाठवलेला लेझर मात्र आम्ही सगळ्यांनी डोक्यावर घेतला. ओंडक्यावर सरळ लाल रेघ पडते, काप कुठून जाणार ते आधी दिसतं. पूर्वी गेरूत बुडवलेलं सूत ताणून रेघ मारायचो, त्याला दोन माणसं लागायची. गेरूचा डबा आता कोपऱ्यात आहे. त्याच्याबद्दल मला काही वाटत नाही. सगळ्याच जुन्या गोष्टींसाठी गळा काढायला वेळ कुणाला आहे?

भुशाची शेगडी तेवढी सांगतो, कारण ती विचारायला बायामाणसं येतात. तेलाच्या रिकाम्या डब्याला तळाशी बाजूने एक भोक पाडायचं. त्या भोकातून एक आडवा दांडा आत घालायचा, मधोमध एक बाटली उभी ठेवायची आणि भोवती कोरडा भुसा कुटून कुटून भरायचा. मग बाटली आणि दांडा अलगद काढून घ्यायचे. खालच्या बोळात काडी लावली की मधल्या पोकळीतून जाळ वर येतो आणि भुसा आतून बाहेर हळूहळू जळत जातो. पाणी तापवायला दुसरं काही लागत नाही. भुसा सैल भरला तर शेगडी ढासळते आणि नुसता धूर होतो. सगळी कला कुटण्यात आहे.

आणखी एक काठी आहे आमच्याकडे, तिचा उल्लेख केल्याशिवाय थांबता येत नाही. जुन्या लाऊडस्पीकरचं लोहचुंबक बांबूला बांधलेलं. ओंडका ट्रॉलीवर चढवण्याआधी ती सालीवरून फिरवायची. वरवर रुतलेला खिळा किंवा तार असेल तर काठी ओढ घेते. खोलवरचं तिला कळत नाही. परसातलं झाड म्हणजे लोखंडाचं कोठार असतं हे ते कापणाऱ्यालाच माहीत. कपड्यांच्या दोरीचे खिळे, कुंपणाची काटेरी तार, लाइटच्या माळेचे हूक, गुरं बांधायची कडी, निवडणुकीतल्या पाट्यांचे खिळे. झाड वर्षाला जाड होत जातं आणि सगळं पोटात घेतं. ऐन, बाभूळ अशा टॅनिनवाल्या लाकडात लोखंडाभोवती निळा-काळा डाग पडतो. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर तसा डाग दिसला की आम्ही थांबतो आणि छिन्नी घेतो. फणसात आणि आंब्यात त्या डागाचा भरवसा धरता येत नाही. चालत्या पात्याला खिळा लागला की एका क्षणात सगळे दात बोथट होतात, आणि पातं तुटलं तर तो तुकडा कुठे जाईल हे सांगता येत नाही.

तेव्हा झाड कापायला गिरणीत आणाल तेव्हा तोडीचे आणि वाहतुकीचे कागद बरोबर आणाच. पण त्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला झाडाजवळ नेऊन विचारा, खिळे कुठे कुठे ठोकले होते. त्या जागांवर चुन्याची फुली मारून ओंडका पाठवा.